शनीची छायाचित्रे मोफत. प्रदर्शने मात्र शहरापुरती

पुणे जिल्हा परिषदेच्या शाळांमधील २५ विद्यार्थ्यांची २०२५ मध्ये अमेरिकेतील 'नासा'च्या भेटीसाठी निवड झाली, तेव्हा जिल्ह्यात त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. निवडीची चाचणी आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राच्या, म्हणजेच 'आयुका'च्या सहकार्याने झाली. वशिल्याला वाव राहिला नाही. खेड्यातल्या शाळेतील मुलगा किंवा मुलगी थेट अमेरिकेच्या अवकाश केंद्रात पाऊल ठेवणार, ही कल्पनाच अनेक घरांना उभारी देणारी होती. मात्र या निर्णयाच्या सावलीत एक साधा प्रश्न राहून गेला. 'नासा'ला जाऊ शकतात ती मुले २५. 'नासा'ने जगाला विनामूल्य दिलेली छायाचित्रे लाखांच्या घरात आहेत आणि त्यांना ना पारपत्र लागते, ना व्हिसा. ती छायाचित्रे जिल्ह्याच्या १३ तालुक्यांतील शाळांच्या भिंतींवर का येऊ नयेत?

हा प्रश्न बारामती तालुक्यातील पणदरे या गावाला समोर ठेवून विचारला, तर त्याचे सगळे पदर उलगडतात. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव काही आडवळणाचे नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, ऊस, माळेगावचा सहकारी साखर कारखाना आणि गावाच्या नावाने ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत असा हा सुस्थितीतला पट्टा आहे. बारामतीत १६ जून २०२२ रोजी राजीव गांधी विज्ञान व नवोपक्रम केंद्राचे उद्‌घाटन उद्योगपती गौतम अदानी यांच्या हस्ते आणि शरद पवार यांच्या उपस्थितीत झाले. म्हणजे पैसा, पाणी, रस्ता आणि शेजारी विज्ञान केंद्र या चारही गोष्टी इथे आहेत. अशा ठिकाणीही अवकाशयानांनी टिपलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन ही शाळेच्या वर्षातील नेमाची गोष्ट होऊ शकत नसेल, तर दुष्काळी तालुक्यांविषयी बोलण्यात अर्थ उरत नाही.

साडेचार लाख छायाचित्रांचा खजिना

उदाहरण म्हणून शनीच घ्यावा, कारण त्याच्याइतका छायाचित्रांना अनुकूल ग्रह दुसरा नाही आणि महाराष्ट्रात त्याच्याइतका भीतीचा विषय झालेला ग्रहही दुसरा नाही. १९७९ मध्ये 'पायोनियर ११', १९८० मध्ये 'व्हॉयेजर १' आणि १९८१ मध्ये 'व्हॉयेजर २' ही याने शनीजवळून गेली. त्या वेळी वृत्तपत्रांच्या कृष्णधवल छपाईत ती कडी राखाडी ठिपक्यांची झाली होती. खरा खजिना हाती आला तो 'कॅसिनी'मुळे. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघालेले हे यान १ जुलै २००४ रोजी शनीच्या कक्षेत स्थिरावले आणि १३ वर्षे तिथे फिरत राहिले. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, भारतीय वेळेनुसार सायंकाळी ५ वाजून २५ मिनिटांनी, त्याचा शेवटचा संदेश पृथ्वीवर पोहोचला. तोवर शनीच्या वातावरणात शिरून त्याची राख झाली होती. इंधन संपत आलेले यान पुढे कधी तरी भरकटून शनीच्या एखाद्या चंद्रावर आदळू नये आणि तिथे जीवसृष्टीची शक्यता असेल तर ती दूषित होऊ नये, म्हणून शास्त्रज्ञांनी जाणूनबुजून त्याचा हा शेवट घडवला होता.

या काळात 'कॅसिनी'ने शनीभोवती २९४ प्रदक्षिणा घातल्या आणि ४ लाख ५३ हजारांहून अधिक छायाचित्रे पाठवली. मोहिमेत २७ देशांचा सहभाग होता. एवढ्या खर्चाच्या आणि श्रमाच्या या छायाचित्रांवर सर्वसाधारणपणे कोणाचाही स्वामित्व हक्क नाही. 'नासा'ची छायाचित्रे शैक्षणिक कामासाठी कोणीही उतरवून घ्यावीत, छापावीत, भिंतीवर लावावीत. फक्त श्रेय द्यावे आणि 'नासा' आपल्या मालाची शिफारस करते असे भासवू नये, एवढीच अपेक्षा असते. 'कॅसिनी'ची कच्ची छायाचित्रे तर यानाकडून येताच लोकांसाठी खुली केली जात होती. जगभरच्या हौशी मंडळींनी ती उतरवून, जोडून, रंग भरून शास्त्रज्ञांनाही हेवा वाटेल अशी चित्रे त्यातून घडवली.

परदेशातील संग्रहालयांनी या खजिन्याचे चीज केले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने २००८ मध्ये केवळ 'कॅसिनी' मोहिमेच्या शनिचित्रांचे प्रदर्शन भरवले. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात २०१६ मध्ये मायकेल बेन्सन यांनी निरनिराळ्या यानांच्या छायाचित्रांवर संस्कार करून तयार केलेली ७७ भव्य चित्रे मांडण्यात आली. त्या दालनासाठी ब्रायन इनो या संगीतकाराने खास संगीत रचले होते. प्राण्यांचे सांगाडे आणि जीवाश्म ठेवणाऱ्या वास्तूंनी ग्रहांची छायाचित्रे लावावीत, यातच एक भूमिका आहे. ही छायाचित्रे विज्ञानाचा पुरावा आहेत आणि पाहण्याजोगी कलाही आहेत, असे त्या संस्थांनी मान्य केले.

महाराष्ट्राची परंपराही या बाबतीत दरिद्री नाही. पुण्यात टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण १९५४ मध्ये उभे राहिले, तेव्हा देशातील बहुतेक महानगरांना तारांगण म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्याआधी दहा वर्षे, १९४४ मध्ये, ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना याच शहरात झाली. मुंबईत वरळीला नेहरू तारांगण १९७७ मध्ये आणि नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. पिंपरी-चिंचवडचे विज्ञान केंद्र २०१३ पासून आहे. 'आयुका'च्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त भरणारे प्रदर्शन तर जत्रेसारखेच असते. गावोगावची शाळकरी मुले आपापले प्रकल्प घेऊन येतात. यादी पुरेशी लांब आहे. पण खोडद जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आणि बारामती-इंदापूर आग्नेय टोकाला. बाकी सारे पुण्यात, पिंपरीत नाही तर मुंबईत. पणदऱ्याच्या मुलाने यातले काही पाहायचे म्हणजे शाळेची सहल निघाली पाहिजे, बसचे भाडे जमले पाहिजे आणि सहलीच्या यादीत देवस्थान, किल्ला व जलउद्यान यांच्यानंतर विज्ञान केंद्राचा क्रमांक लागला पाहिजे. बहुतेक वेळा तो जेवणाआधीच्या तासाभरापुरता लागतो.

मोठे करताना होणारी फसगत

छायाचित्रे मोफत आहेत, मग अडचण कुठे आहे? छपाईत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात फलक छापणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. नेत्याचा वाढदिवस असो की गल्लीतल्या मंडळाचा, रातोरात वीस फुटी फ्लेक्स उभा राहतो आणि त्यावर पन्नास चेहरे व्यवस्थित बसवलेले असतात. हे तंत्र आणि हा उत्साह गावात हजर आहे. शनीचे एखादे छायाचित्र त्याच यंत्रावर, त्याच कापडावर, त्याच चौरस फुटाच्या दराने छापून मिळते.

अडचण सुरू होते ती छायाचित्र निवडताना. 'कॅसिनी'चे कॅमेरे विसाव्या शतकातील नव्वदीच्या दशकात घडवलेले होते. त्यांच्या एका चौकटीत उभे-आडवे १,०२४ बिंदू, म्हणजे एकूण सुमारे साडेदहा लाख बिंदू मावतात. आजच्या साध्या मोबाइलचा कॅमेराही याच्या कित्येक पट बिंदू टिपतो. पुस्तकातल्या छपाईच्या दर्जाने, म्हणजे एका इंचात ३०० बिंदू धरून, 'कॅसिनी'ची एक चौकट छापली तर ती जेमतेम साडेतीन इंचांची होते. तीच दहा फुटांवर ताणली, की शनीच्या जागी चौकोनी डागांची गोधडी दिसू लागते. म्हणूनच मोठ्या प्रदर्शनांत बहुधा एकेक चौकट न लावता शेजारशेजारच्या अनेक चौकटी जोडून केलेली चित्रे लावतात. १९ जुलै २०१३ रोजी सूर्य शनीच्या आड गेलेला असताना 'कॅसिनी'ने टिपलेले प्रसिद्ध चित्र १४१ छायाचित्रे जोडून तयार झाले आहे. त्यात शनीचा काळोखा गोल, मागून उजळलेली कडी आणि एका कोपऱ्यात, सुमारे १४४ कोटी किलोमीटरवरून दिसणारी, निळसर ठिपक्याएवढी पृथ्वी आहे. असे जोडचित्र मोठ्या आकारातही टिकते. हे जाणणारा एक माणूस निवड करताना हवा. नाही तर शोधयंत्रावर पहिले आले ते चित्र उचलले जाते आणि पैसे वाया जातात.

शोधयंत्रावर पहिले येते ते बहुधा छायाचित्र नसतेच, ही आणखी एक गोची. शनीच्या कड्यांसमोर डौलाने तरंगणारे 'कॅसिनी' यान दाखवणारे चित्र असंख्य ठिकाणी छायाचित्र म्हणून लावलेले आढळते. ते चित्रकाराच्या कल्पनेतले आहे. शनीजवळ 'कॅसिनी'चा फोटो काढायला दुसरे यान होतेच कुठे? एवढा एक प्रश्न विचारायला मुलांना शिकवले, तर निम्मी बनावट चित्रे तीच ओळखतील. संगणकाला शब्द सांगून हवे ते चित्र काढून घेण्याची सोय आता प्रत्येकाच्या खिशात आल्यापासून ही सावधगिरी अधिकच गरजेची झाली आहे. प्रदर्शनातल्या प्रत्येक चित्राखाली ते कोणत्या यानाने, कधी टिपले आणि ते छायाचित्र आहे की कल्पनाचित्र, हे लिहिणे हा शिष्टाचार नसून प्रदर्शनाच्या विश्वासार्हतेचा पाया आहे.

रंगांचे प्रकरण याहून नाजूक आहे. 'कॅसिनी'चा कॅमेरा मुळात काळा-पांढराच पाहतो. त्याच्यासमोर लाल, हिरवा, निळा असे गाळणीचे काचपडदे आळीपाळीने सरकवून तीन छायाचित्रे घेतात आणि ती एकावर एक ठेवून रंगीत चित्र तयार करतात. तेव्हा शनी दिसतो फिक्या मधाच्या, काहीशा लोण्याच्या रंगाचा. डोळ्यांना दिसेल त्याच्या बराच जवळ. पण शास्त्रज्ञांना डोळ्यांना न दिसणारेही पाहायचे असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले शनीच्या उत्तर ध्रुवावरील वादळाचे चित्र लालभडक गुलाबासारखे दिसते. त्या वादळाचा डोळाच सुमारे २,००० किलोमीटर रुंद आहे. त्यातला लाल रंग खोलवरचे ढग आणि हिरवा रंग उंचावरचे ढग ओळखू यावेत म्हणून दिलेला आहे. चित्र खोटे नाही. त्याचे रंग नकाशातल्या रंगांसारखे आहेत. नकाशात महाराष्ट्र गुलाबी दाखवला म्हणून जमीन गुलाबी होत नाही, हे सातवीतला मुलगा जाणतो. तेवढेच वाक्य चित्राखाली हवे. ते नसेल तर पाहणारा 'शनीवर लाल फूल' असे मनाशी घोकत घरी जातो आणि पुढे खरे कळले की सगळीच छायाचित्रे रंगवलेली असतात असे म्हणू लागतो. चंद्रावरचे पाऊलही खोटे होते, असे म्हणणाऱ्यांची भरती अशाच अर्धवट फलकांतून होत असते.

फलकावरची मराठी

सर्वांत मोठी उणीव भाषेची आहे. 'नासा'च्या छायाचित्रांसोबत उत्तम मजकूर येतो, पण तो इंग्रजीत असतो. तो जसाच्या तसा छापला, तर पणदऱ्याच्या मुलाला चित्र दिसते, गोष्ट कळत नाही. यंत्राकडून भाषांतर करून घेतले, तर वाक्ये मराठी अक्षरांतली इंग्रजी होतात. वास्तविक या विषयासाठी मराठीची तयारी जुनी आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा आणि लेखांतून दोन पिढ्यांना मराठीत आकाश वाचायला शिकवले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या पिढ्यांना घरचेच कोणी गेल्यासारखे वाटले. शब्द नाहीत ही सबब इथे चालत नाही.

चांगला फलक कसा असू शकतो, याचा विचार शनीच्या कड्यांवरूनच करता येईल. कडी सुमारे २ लाख ८० हजार किलोमीटर व्यासाची आणि बहुतेक ठिकाणी जेमतेम दहा मीटर जाडीची आहेत, असे लिहिले की आकडे डोळ्यांसमोरून निघून जातात. त्याऐवजी असे सांगता येते: शाळेचे शंभर मीटरचे मैदान भरेल एवढे कडे कापून घेतले, तर त्याच प्रमाणात त्याची जाडी वहीच्या कागदाच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही कमी भरेल. कडी पाण्याच्या बर्फाच्या असंख्य तुकड्यांची आहेत; काही साखरेच्या कणाएवढे, काही घराएवढे. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या मुलांना साखरेच्या कणाची उपमा समजावून सांगावी लागत नाही.

किंवा टायटनची गोष्ट. 'कॅसिनी'च्या पाठीवर बसून गेलेले 'हायगेन्स' हे युरोपीय यान १४ जानेवारी २००५ रोजी शनीच्या या सर्वांत मोठ्या चंद्रावर उतरले. उणे १८० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत त्याने एक छायाचित्र पाठवले. नदीच्या पात्रात असतात तसे गोल गोटे त्यात दिसले. फरक इतकाच, की गोटे बर्फाचे आणि नदी द्रवरूप मिथेनची. उतरताना टिपलेल्या सुमारे ७०० छायाचित्रांपैकी निम्मी पृथ्वीवर आलीच नाहीत, कारण 'कॅसिनी'वरील एक ग्राहक सुरू करण्याची आज्ञाच आज्ञावलीत घालायची राहून गेली होती. एवढ्या मोठ्या मोहिमेत एवढी साधी चूक! ही गोष्ट फलकावर आली पाहिजे. शास्त्रज्ञ चुकतात, ते चूक लपवत नाहीत आणि उरलेल्या निम्म्यातून काम करतात, हे मुलांना कळणे शनीच्या वजनापेक्षा महत्त्वाचे आहे.

फलकावरची माहिती शिळी होते, हेही विसरले जाते. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि एकूण संख्या २७४ वर गेली. त्याआधी छापलेला शनीच्या चंद्रांचा कोणताही आकडा त्या दिवशी जुना झाला. 'कॅसिनी सध्या शनीभोवती फिरत आहे' हे वाक्य २०१७ नंतर चुकीचे आहे. कोट्यवधींच्या इमारतीत काचेआड बसवलेला फलक बदलणे अवघड असते. निविदा निघते, मंजुरी लागते. कापडावर छापलेला फलक मात्र पुढच्या वर्षी काढून नवा लावता येतो. लहान प्रदर्शनाची हीच खरी सोय आहे आणि तिच्याकडे गरिबीची तडजोड म्हणून पाहण्याचे कारण नाही.

शनीची भीती आणि शनीचे चित्र

मराठी घरांत शनी हा आधी ग्रह नसतो, संकट असते. शनिवारी तेल वाहणारी, 'शनिमाहात्म्य' वाचणारी, शनिशिंगणापूरला जाणारी माणसे पणदऱ्यात आहेत तशीच पुण्याच्या कोथरूडमध्येही आहेत. प्रदर्शन भरवणाऱ्याने श्रद्धेची टिंगल करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निष्फळ मार्ग आहे. साडेसातीचे गणित मात्र खुशाल मांडावे. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत वाटले की एका राशीला अडीच वर्षे आणि तीन राशींना साडेसात. पूर्वजांनी दुर्बिणीशिवाय केलेले हे निरीक्षण अचूक आहे. त्यावर भीतीचा जो मजला पुढे चढवला गेला, त्याला आधार नाही. नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर व इतर सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात घेतलेली कुंडल्यांची चाचणी या संदर्भात सांगण्यासारखी आहे. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या कोणत्या, हे ओळखण्यास सांगितले असता उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांच्या अचूकतेची सरासरी ४६ टक्के आली. नाणे उडवून ५० येते.

गंमत अशी, की २०२५ मध्ये शनीविषयीच्या दोन बातम्या आठवडाभराच्या अंतराने आल्या. २३ मार्चला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली, त्यामुळे कडी कडेवरून दिसू लागली, म्हणजे जवळजवळ दिसेनाशी झाली. २९ मार्चला बहुतेक पंचांगांनुसार शनी मीन राशीत गेला. दुसऱ्या बातमीवर दूरचित्रवाणीवर किती तास चर्चा झाली, हे प्रेक्षकांना ठाऊक आहे. पहिली बातमी चार ओळींत संपली. वास्तविक ती चारशे वर्षांची गोष्ट होती. १६१० मध्ये गॅलिलिओला शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले. १६१२ मध्ये तो पाहतो तर ते नाहीसे झालेले आणि तो चक्रावून गेला. ते कडे आहे, हे सांगायला १६५९ मध्ये हायगेन्स यावा लागला. २०२५ मध्ये ज्यांनी हौसेने दुर्बीण लावली, त्यांना गॅलिलिओसारखाच चकवा बसला. कडी पुन्हा हळूहळू उघडत आहेत आणि २०३२ च्या सुमारास ती सर्वाधिक कललेली दिसतील. मधली वर्षे छायाचित्रांच्या प्रदर्शनाला सर्वांत सोयीची आहेत, कारण लहान दुर्बिणीतून जे दिसेल ते आणि भिंतीवर जे आहे ते, यांतील फरकच मुलांना प्रश्न विचारायला लावील. शिवाय पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले असते. तेव्हा भिंतच आकाश.

कोणी करायचे?

शासन, विज्ञान केंद्र की गाव, हा वाद इथे निरर्थक आहे. फिरत्या प्रदर्शनाची कल्पना देशाला नवी नाही. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्येच बसमधले विज्ञान संग्रहालय खेड्यांकडे पाठवले आणि पुढे राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या केंद्रांनी ही प्रथा उचलली. 'इस्रो'च्या मोहिमांचे प्रदर्शन घेऊन फिरणाऱ्या बसगाड्याही शाळाशाळांत जातात. मात्र बस येते आणि जाते. मुले रांगेने आत शिरतात, दुसऱ्या दाराने बाहेर पडतात आणि मागच्या वर्गाची रांग शिक्षकांना घाई करत असते. शनीच्या कड्यांसमोर पाच मिनिटे उभे राहण्याची मुभा त्या रांगेत नसते. छायाचित्र पाहण्याची रीत निराळी आहे. ते येता-जाता दिसावे लागते, एके दिवशी अचानक त्यातले काही तरी लक्षात यावे लागते. म्हणून शाळेच्या व्हरांड्यात पंधरवडाभर टांगलेले दहा फलक एका दिवसाच्या बसपेक्षा अधिक काम करू शकतात.

यासाठी जिल्ह्यातली माणसे आहेत. 'आयुका' चाचणीला मदत करू शकते, तर दहा छायाचित्रांची निवड आणि त्यांचा मराठी मजकूर तपासून देणे हे त्या मानाने हलके काम आहे. एकदा तयार केलेली धारिका जिल्हा परिषद प्रत्येक केंद्रशाळेला पाठवू शकते. छपाई गावात होते. बारामतीच्या विज्ञान केंद्रासारखी संस्था तालुक्यातल्या शिक्षकांना एक दिवस बोलावून प्रत्येक चित्रामागची गोष्ट समजावू शकते. हा शेवटचा भाग वगळला तर बाकीचे व्यर्थ जाईल. फलक बोलत नाही, शिक्षक बोलतो. त्याला रंग खरा की खोटा हे सांगता आले नाही, तर मुले ते मोबाइलवर शोधतील आणि तिथे काय सापडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

याला एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. शाळेच्या छताला गळती असताना, शिक्षकांच्या जागा रिकाम्या असताना शनीची चित्रे कोणाला हवीत? छायाचित्रांनी गळती थांबत नाही, हे खरेच. पण हा आक्षेप नेहमी खेड्यातल्याच मुलांच्या वाट्याला येतो. पुण्यातल्या मुलाला तारांगणात नेताना कोणी त्याच्या शाळेचे छत तपासत नाही. २५ मुलांना अमेरिकेला पाठवताना जो खर्च योग्य ठरतो, त्याच्या एका लहानशा हिश्शात उरलेल्यांसाठी भिंती सजू शकत असतील, तर दोन्ही एकाच अंदाजपत्रकात बसवायला हरकत नसावी.

१९ जुलै २०१३ च्या त्या छायाचित्राबद्दल एक बारीकशी गोष्ट पणदऱ्याच्या फलकावर आवर्जून लिहावी लागेल. पृथ्वीचा ठिपका टिपला गेला, तेव्हा भारतात २० जुलैचे पहाटेचे तीन वाजले होते. शनी इथून मावळला होता. त्या ठिपक्याची शनीकडची बाजू अमेरिका आणि अटलांटिकची होती. भारत पलीकडच्या, अंधारातल्या बाजूला होता. म्हणजे 'या ठिपक्यात आपणही आहोत' असे फलकावर बिनदिक्कत लिहून टाकता येणार नाही. 'आपण त्या वेळी या ठिपक्याच्या मागे झोपलेले होतो' असे लिहावे लागेल, आणि एखादा मुलगा ते का, असे विचारील.

तारखेचाही विचार करावा लागेल. चंद्रयान-३ च्या यशानंतर २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन झाला आणि शाळांमधले अवकाशविषयक कार्यक्रम त्या दिवसाकडे सरकू लागले आहेत. माळेगाव आणि सोमेश्वर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीसाठी बीड, अहिल्यानगरकडून येणारी कुटुंबे साधारण दिवाळीच्या सुमारास येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. त्यांची मुले या काळात जवळच्या शाळेत बसतात, काही बसतही नाहीत. २३ ऑगस्टला प्रदर्शन भरले तर ही मुले पणदऱ्यात नसतात. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी भरले, तर असतात.